आधी चौक मोजा, मग स्मार्ट करा

स्मार्ट वाहतूक हा विषय निघाला की अंतिम वर्षाच्या मुलांचे सिनॉप्सिस साधारण एकाच साच्यातून येतात. कॅमेरा लावणार, एआय गाड्या मोजणार, सिग्नल आपोआप बदलणार, कोंडी संपणार. जोडीला थर्माकोलचा चौक, चार एलईडी आणि एक आर्डुइनो (दिवे चालवणारा छोटा सर्किट बोर्ड). प्रदर्शनाच्या दिवशी दिवे लागतातही. मात्र त्याच गटाला विचारा, नाशिकच्या त्र्यंबक नाक्यावर संध्याकाळी एका हिरव्या दिव्यात किती गाड्या सुटतात? सगळे एकमेकांकडे बघतात.

माझं मत सरळ आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नवं काही आणायचं असेल तर सेन्सर नंतर आणा. आधी एक चौक हाताने मोजायला लावा आणि मोजणी कितपत चुकली हे मुलांच्या तोंडून वदवून घ्या. हे जमलं तर पुढच्या कॅमेऱ्याला आणि सिम्युलेशनला, म्हणजे संगणकावर चौक चालवून बघण्याला, अर्थ आहे. सिव्हिल, कॉम्प्युटर किंवा ईअँडटीसीच्या मुलांकडून असा प्रकल्प करून घ्यायचा असेल तर तो कसा चालतो आणि कुठे गचकतो, ते खाली लिहितो आहे.

वेळेचा हिशेब आधी. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणून दोन क्रेडिटच्या प्रकल्पाला ६० तास मिळतात. मी त्यांची वाटणी अशी करेन: चौक निवडणं, परवानग्या आणि सराव ६ तास, रस्त्यावर प्रत्यक्ष मोजणी ८, व्हिडिओवरून मोजणी १६, विश्लेषण १२, सिम्युलेशन १२, अहवाल आणि तोंडी परीक्षा ६. व्हिडिओला १६ तास जास्त वाटतात, पण वाहतूक गर्दीची असेल तर एका तासाच्या चित्रणातून एका बाजूची वर्गवार मोजणी करायला सहज तीन-चार तास जातात. बहुतेक वेळापत्रकं नेमकी इथेच कोसळतात.

द्वारका चौकापासून सुरुवात करू नका. सगळ्यांना तोच चौक हवा असतो, कारण तिथली कोंडी सगळ्यांनी भोगलेली असते. पुणे रोड, मुंबई-आग्रा महामार्ग, सारडा सर्कलकडून येणारी गर्दी, डोक्यावर उड्डाणपूल, खाली सर्व्हिस रोड, हात दाखवाल तिथे थांबणाऱ्या रिक्षा. सहा जणांच्या गटाला हे झेपत नाही. पहिल्या वर्षी कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या बाजूचा साधा चार रस्त्यांचा सिग्नल घ्या. निवडताना एकच अट पाळा: दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची अशी खिडकी किंवा गच्ची मिळायला हवी, जिथून स्टॉप लाइन आणि सिग्नलचा दिवा दोन्ही एकाच चौकटीत दिसतील. दिवा दिसला नाही तर हिरवा नेमका कधी लागला हे कळत नाही आणि पुढचं सगळं गणित अंदाजपंचे होतं. दिवा दिसतच नसेल तर दुसरा फोन फक्त दिव्यावर रोखा. चित्रण सुरू करताना दोन्ही फोनना एकच डिजिटल घड्याळ सेकंदासकट दाखवा, म्हणजे नंतर दोन्ही व्हिडिओ जुळवता येतात.

कॅमेरा पहिल्या मजल्यावर असला तर एक सिटीलिंक बस मागच्या आठ-दहा दुचाकी गिळून टाकते. तिसऱ्या मजल्यावरून हा त्रास बराच कमी होतो. साध्या फोनवर १०८० पी चित्रण मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी खातं, म्हणजे तासाला सहा ते आठ जीबी. फोनची मेमरी भरून चित्रण मध्येच थांबणं हा सर्वांत जास्त होणारा अपघात. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर संध्याकाळी हेडलाइट लागले की चित्र भगभगतं. काही फोन फाइल चार जीबीला तोडतात आणि दोन तुकड्यांमध्ये सेकंद-दोन सेकंद गायब असतात, तेही तपासून घ्या. वाहतूक पोलिसांना आणि इमारतीच्या मालकाला लेखी पत्र द्यायलाच हवं. नंबर प्लेट आणि चेहरे वाचता येतील एवढं झूम करू नका. मोजणीला त्याची गरज नसते आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्याकडे आला आहे, हेही मुलांना याच निमित्ताने सांगता येतं.

वार कोणता? पुस्तकं मंगळवार ते गुरुवार सुचवतात. नाशिकमध्ये त्यातला बुधवार पंचवटी आणि गंगाघाटाच्या बाजूला बाद होतो, कारण आठवडे बाजार असतो. सातपूर-अंबडच्या रस्त्यांवर पाळी सुटण्याची वेळ निराळी आणि कॉलेज रोडची गर्दीची वेळ निराळी. त्यामुळे ‘सकाळी ९ ते ११’ असं डोळे झाकून लिहू नका. आधी एक दिवस सकाळी ८ ते रात्री ८ दर तासाला फक्त पाच मिनिटं मोजा. गर्दीचा तास त्यातून आपोआप कळतो.

आता हाताची मोजणी. दुचाकी, रिक्षा, कार, छोटा हत्ती किंवा पिकअप, बस, ट्रक, ट्रॅक्टर, सायकल असे आठ प्रकार आणि डावीकडे, सरळ, उजवीकडे अशा तीन दिशा. झाले २४ रकाने. एका मुलाला ते भरता येत नाहीत, तरीही फॉर्म तसेच छापले जातात. एकाला फक्त दुचाकी द्या, हातात टॅली काउंटर (बटण दाबून मोजायचं छोटं यंत्र) द्या आणि दर पाच मिनिटांनी आकडा नुसता लिहायला सांगा, शून्यावर आणू नका. शून्य करायच्या दोन सेकंदांत चार गाड्या निसटतात. वजाबाकी घरी करता येते. तासाभराने माणूस बदला. राँग साइडने येणाऱ्यांना वेगळा रकाना ठेवा, कारण ते कुठल्याच दिशेत बसत नाहीत आणि मुलं त्यांना सरळ वगळतात.

यापेक्षा मोठी चूक आकड्यांत दिसत नाही. स्टॉप लाइनवर मोजल्या जातात त्या सुटलेल्या गाड्या. हिरवा संपला तेव्हा मागे चाळीस दुचाकी आणि दहा कार उभ्याच राहिल्या असतील तर खरी मागणी त्याहून जास्त होती. अशा चौकात ‘तासाला इतक्या गाड्या’ हा आकडा सिग्नलची क्षमता सांगतो, लोकांची गरज सांगत नाही. म्हणून प्रत्येक हिरव्याच्या शेवटी राहिलेली रांग मोजा, निदान मीटरमध्ये. विजेच्या खांबांमधलं अंतर आधी टेपने मोजून ठेवलं की रांग कुठल्या खांबापर्यंत आहे एवढं लिहिलं तरी पुरतं.

पीसीयूचा घोळ

प्रकल्पाच्या अहवालात सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे पीसीयू, म्हणजे प्रत्येक वाहनाला कारच्या मापात मोजणं. मुलं इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ (१९९०) या मार्गदर्शिकेतला तक्ता उचलतात आणि सिग्नलवर लावतात. तो तक्ता शहरातल्या सलग रस्त्यासाठी आहे. त्यात वाहनाचं प्रमाण १० टक्के किंवा जास्त असेल तर दुचाकीला ०.७५ आणि रिक्षाला २.० धरतात. ५ टक्क्यांपर्यंत असेल तर बस-ट्रकला २.२. सिग्नलवर मात्र दुचाकी कारच्या मागे रांग धरत नाही, ती फटीतून पुढे सरकते आणि चार-पाच एका ओळीत सुटतात. सिग्नलच्या वेळा ठरवायची पद्धत देणारे ब्रिटिश संशोधक वेबस्टर यांच्या पद्धतीत सिग्नलसाठी मोटरसायकलला ०.३३ आणि बसला २.२५ धरलेलं आहे.

फरक किती पडतो ते एका उदाहरणात बघा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. ७ मीटर रुंदीच्या एका बाजूने तासाला ८०० दुचाकी, २४० कार, १४० रिक्षा, ४० बस-ट्रक येतात. आयआरसी १०६ च्या तक्त्याने हे १२०८ पीसीयू होतात. सिग्नलच्या मापाने, रिक्षाला ०.५ धरून, ६६४ होतात. सुटण्याचा कमाल वेग, म्हणजे सॅच्युरेशन फ्लो, नेहमीच्या सूत्राने ५२५ गुणिले रुंदी, म्हणजे तासाला ३६७५. पीसीयूला त्याने भागलं तर एकीकडे ०.३३ आणि दुसरीकडे ०.१८.

चारही बाजू अशाच आणि प्रत्येकीला स्वतंत्र फेज, म्हणजे हिरव्याची वेगळी पाळी, आहे असं समजा. प्रत्येक फेजला ४ सेकंद वाया जातात, एकूण १६. सिग्नलच्या सगळ्या फेजची एक पूर्ण फेरी म्हणजे सायकल. वेबस्टरचं १९५८ चं सूत्र सांगतं: सायकल = (१.५ × वाया वेळ + ५) भागिले (१ − चारही भागाकारांची बेरीज). वरची बाजू २९. सिग्नलच्या मापाने बेरीज ०.७२ येते आणि सायकल सुमारे १०५ सेकंद निघते. वाजवी आकडा. दुसऱ्या तक्त्याने बेरीज १.३१ येते आणि सायकल निघते उणे ९२ सेकंद. इथे मुलं घाबरून मुळातल्या गाड्यांचे आकडे ‘जुळवतात’. शिक्षकाने नेमकं इथे थांबावं. गाड्या तेवढ्याच, रस्ता तोच, बदललं ते फक्त माप. ५२५ हा आकडाही वेबस्टरच्या मापाशी बांधलेला आहे, त्याला दुसऱ्या तक्त्याचं पीसीयू चालत नाही. एवढं एक गणित फळ्यावर नीट केलं तरी तीन व्याख्यानांचं काम होतं.

खरं तर तक्ता सोडून चौकातच माप काढता येतं. हिरवा लागल्यापासून सहा-सहा सेकंदांचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यात स्टॉप लाइन ओलांडणारी वाहनं वर्गवार लिहा. पूर्ण रुंदीभर, लेन न बघता, कारण आपल्याकडे लेन रंगात असते, वाहतुकीत नसते. ७ मीटरच्या रस्त्यावर गर्दीच्या एका तुकड्यात नऊ दुचाकी, दोन कार आणि दोन रिक्षा सुटल्या तर सिग्नलच्या मापाने ते जवळजवळ ६ पीसीयू होतात, आणि ३६७५ च्या हिशेबानेही सहा सेकंदांना ६.१ च निघतात. असं जुळलं तर सूत्र तिथे चालतं. नाही जुळलं तर रस्त्याचं ऐका.

पुस्तक म्हणतं, पहिल्या तुकड्यात गाड्या हलायला वेळ लागतो, तो सोडा. टायमर असलेल्या सिग्नलवर उलटं होतं. तीन आकडा दिसला की निम्म्या दुचाकी निघालेल्या असतात आणि हिरव्याच्या पहिल्या सेकंदाला स्टॉप लाइनच्या पुढे वीसेक जण उभे असतात. म्हणून पहिला तुकडा फेकू नका, वेगळा ठेवा आणि हिरव्याआधी ओलांडलेल्यांची नोंद स्वतंत्र करा. तीसेक सायकलींचा असा डेटा जमला की गर्दीचा हिरवा वेळ एका बाजूला आणि वाहनांची वर्गवार संख्या दुसऱ्या बाजूला घेऊन रिग्रेशन (दोहोंतला संबंध आकड्यांत काढायची संख्याशास्त्रीय पद्धत) करता येतं. त्यातून दुचाकी आणि रिक्षाचं स्थानिक माप मिळतं. बसचं मिळत नाही. तीस सायकलींत बसची संख्या इतकी थोडी असते की उत्तर कसंही येतं, कधीकधी ऋणही. तिथे पुस्तकातला आकडाच ठेवा आणि तसं लिहा. फ्री लेफ्टच्या तोंडाशी रिक्षा उभ्या असतील तर सरळ जाणाऱ्यांची रुंदीही कमी होते. टेपने मोजलेली रुंदी आणि वापरात असलेली रुंदी या दोन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या गोष्टी आहेत.

मग कॅमेरा

आता एआय. मुलं बहुतेक वेळा योलो या चित्रातल्या वस्तू ओळखणाऱ्या प्रणालीचं तयार मॉडेल घेतात. ते कोको नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेलं असतं आणि त्यातल्या ८० प्रकारांत कार, बस, ट्रक, मोटरसायकल आहेत, रिक्षा नाही. त्यामुळे नाशिकच्या चौकात रिक्षा कधी कार होते, कधी ट्रक. भारतीय रस्त्यांचा आयडीडी हा चित्रसंग्रह आहे, त्यात ऑटोरिक्षा हा वेगळा प्रकार आहे. त्यावर मॉडेल पुन्हा शिकवा आणि आपल्याच खिडकीतल्या कोनातली काही शे चित्रं हाताने खुणा करून त्यात घाला. कोन बदलला की मॉडेल गडबडतं. छोटा हत्ती तरीही चुकतोच.

मोजणीची रेषा स्टॉप लाइनवर आखू नका. तिथे वाहनं तुंबलेली असतात, एकमेकांना झाकतात, प्रत्येक वाहनाला संगणकाने दिलेले ट्रॅकिंगचे क्रमांक बदलतात आणि एकच दुचाकी दोनदा मोजली जाते. रेषा दहा-पंधरा मीटर पुढे, वाहनं विखुरतात तिथे घ्या. पाऊस आणि संध्याकाळचे ओले रस्ते यांची स्वतंत्र चाचणी करा, दुपारच्या उन्हातली अचूकता तिथे लागू नाही.

तपासणीसाठी जीईएच हे माप वापरतात: दोन मोजण्यांच्या फरकाचा वर्ग, दुप्पट करून, बेरजेने भागून, वर्गमूळ. ५ च्या आत असलं तर ठीक. हाताने ९०० आणि कॅमेऱ्याने ८०० आलं तर ३.४. मात्र हे माप तासाच्या आकड्यांसाठी आहे. पंधरा मिनिटांचे २२५ आणि २०० घातले तर १.७ येतं, चूक तेवढीच असून. कित्येक अहवालांत ‘उत्कृष्ट अचूकता’ ही अशीच आलेली असते. शिवाय एकूण संख्या जुळली म्हणजे काम झालं असं नाही. रिक्षा कारमध्ये गेल्या आणि झाकलेल्या दुचाकी दुबार मोजलेल्यांनी भरून निघाल्या, तर एकूण बरोबर आणि वर्गवार सगळं चूक. वर्गवार तक्ता दाखवल्याशिवाय गुण देऊ नयेत.

सिम्युलेशनला सुमो हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे. जर्मनीच्या डीएलआर संस्थेचं. आपल्या वाहतुकीसाठी त्यातलं सबलेन मॉडेल चालू करा, म्हणजे दुचाकी कारशेजारून जाऊ शकते. नाहीतर प्रत्येक दुचाकी अख्खी लेन अडवते आणि रांग सातपूरपर्यंत जाते. ओपनस्ट्रीटमॅपवरून नकाशा घेताना डावीकडून चालण्याचा पर्याय स्वतः द्यावा लागतो. लेनची संख्या नकाशात बहुधा चुकीची असते. जवळचे नोड (रस्ते जुळतात ते बिंदू) आपोआप जोडायला सांगितलं असेल तर मुंबई नाक्याच्या बाजूला उड्डाणपूल आणि खालचा रस्ता एकमेकांना चिकटले नाहीत ना, हे डोळ्यांनी बघा.

आणि टेलिपोर्ट. सुमोत एखादं वाहन ३०० सेकंद अडकलं की ते तिथून उचलून पुढे टाकलं जातं, मूळ सेटिंगच तशी आहे. भयंकर कोंडीचा चौक सिम्युलेशनमध्ये गोड चालताना दिसला तर आधी टेलिपोर्टचा आकडा बघा. नकाशात शिरायलाच जागा न मिळालेल्या वाहनांचा उशीरही वेगळा धरला जातो आणि मुलं तो जमेत घेत नाहीत. ‘आमच्या अल्गोरिदमने प्रतीक्षा निम्मी झाली’ या वाक्यामागे बऱ्याचदा हे दोनच आकडे असतात. वेगवेगळ्या दहा सीडवर (यादृच्छिकतेच्या सुरुवातीच्या आकड्यांवर) चालवून सरासरी आणि पसारा दोन्ही द्या. एका धावेचा निकाल म्हणजे काहीच नाही.

बदलत्या वाहतुकीनुसार जुळवून घेणारे सिग्नल, उदाहरणार्थ सी-डॅकचं कॉसिकॉस्ट, हा संशोधनाचा चांगला विषय आहे. पण मुलांना आधी हे दाखवा की वरची ती बेरीज ०.९ च्या पुढे गेली की कुठलाही सिग्नल फार काही करू शकत नाही. तिथे उपाय उजवं वळण बंद करणं, रिक्षा थांबा हलवणं किंवा बसथांबा पुढे नेणं असा असतो. पादचाऱ्यांचा वेळही याच टप्प्यावर तपासा: १४ मीटर रस्ता सेकंदाला १.२ मीटर या वेगाने ओलांडायला १२ सेकंद लागतात, पंचवटीत वयस्कर भाविक धरले तर १४-१५. सायकल छोटी करणारे अल्गोरिदम पहिला घास यालाच घेतात.

चौकापेक्षा बस आवडणाऱ्या गटासाठी सिटीलिंक आहे. ही सेवा ८ जुलै २०२१ ला सुरू झाली. अधिकृत डेटा मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. निमाणी ते नाशिकरोड बसमध्ये बसा, फोनवर जीपीएस चालू ठेवा आणि प्रत्येक थांबण्याचं कारण लिहा: थांबा, सिग्नल, कोंडी, इतर. किती चढले, किती उतरले, दार किती सेकंद उघडं होतं. त्यातून एका प्रवाशाला चढायला लागणारा वेळ निघतो आणि वेळापत्रक कुठे चुकतं ते दिसतं. वेळापत्रक जीटीएफएस या सार्वजनिक वाहतुकीच्या ठरलेल्या फाइल-स्वरूपात मांडताना दोन गोष्टी हमखास मोडतात. एक्सेलमध्ये फाइल उघडून जतन केली की थांब्यांच्या क्रमांकांतली सुरुवातीची शून्यं उडतात आणि मराठी नावांचा चिखल होतो. फाइल यूटीएफ-८ मध्येच ठेवा आणि साध्या टेक्स्ट एडिटरने तपासा. मध्यरात्रीनंतरच्या फेरीची वेळ तिथे ००:१० नाही, २४:१० अशी लिहितात.

महामार्गावरच्या वाहनांचा जीपीएस घेतला तर आणखी एक अडचण येते. वाहन उड्डाणपुलावर आहे की खाली, हे अक्षांश-रेखांशावरून कळत नाही, आणि जीपीएसच्या उंचीतली चूक पुलाच्या उंचीएवढी सहज असते. वेग आणि थांबण्याच्या जागा बघा: द्वारकेला दीड मिनिट थांबलेलं वाहन खालीच होतं. पुलाखाली जीपीएसचा सिग्नल उसळ्या मारतो, तेही ओळखायला मदत करतं.

मेट्रो निओवर, म्हणजे नाशिकसाठी आखलेल्या रबरी टायरवरच्या मेट्रोवर, प्रकल्प करायचा आग्रह धरणारे गट दरवर्षी निघतात. २०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २०९२ कोटींचा उल्लेख होता, त्यामुळे आकर्षण समजू शकतं. पण जे धावत नाही ते मोजता येत नाही. त्यापेक्षा २०२७ च्या सिंहस्थाकडे जाणारे रस्ते घ्या. २००३ च्या सिंहस्थात नाशिकच्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. अरुंद गल्लीतली माणसांची घनता, दर मीटर रुंदीतून मिनिटाला जाणारी माणसं, हे नेहमीच्या दिवशी आणि बुधवारच्या बाजारात मोजून ठेवणं अंतिम वर्षाच्या गटाला नक्की जमतं.

गुण कशाला द्यायचे? अहवाल आता यंत्र लिहून देतं, त्यामुळे त्याला १०० पैकी २० पुरेत. ४० मोजणीला आणि चुकीच्या हिशेबाला, २० विश्लेषणाला, २० तोंडी परीक्षेला. तोंडी परीक्षेत गटाच्याच व्हिडिओतला कुठलाही पाच मिनिटांचा तुकडा काढायचा आणि समोर बसवून पुन्हा मोजायला लावायचा. मूळ नोंदीशी फरक किती आला याला गुण कापू नका. तो का आला हे सांगता आलं नाही तर कापा. कच्चे फॉर्म, पेन्सिलच्या खाडाखोडीसकट, जमा करून घ्या. अतिशय स्वच्छ फॉर्म आले तर ते घरी बसून भरले आहेत असं समजायला हरकत नाही.

पुढच्या तुकडीसाठी सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा: मूळ व्हिडिओ, स्कॅन केलेले फॉर्म, रुंदी आणि खांबांच्या अंतरांचं रेखाचित्र, सिग्नलच्या वेळा. फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग चौक, मग बाजू. ‘उत्तर बाजू’ असं लिहू नका, ‘अशोकस्तंभाकडून’ असं लिहा. रस्त्याचं काम चालू होतं का, पाऊस होता का, सिग्नलवर पोलीस हाताने वाहतूक सोडत होता का, हे पहिल्या ओळीत नोंदवा. पोलीस उभा असलेल्या तासाचा डेटा सिग्नलच्या गणितात घालता येत नाही, आणि सहा महिन्यांनी ते कुणाच्याही लक्षात राहत नाही.